क्लेम्झिगचे जर्मन आणि मीरा रोडचा दुकानदार

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये बसून घरच्या बातम्या पाहाव्यात तर वाद एकच: बाहेरून आलेल्यांनी मराठी बोलायचं की नाही. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले, ते बरंच झालं. पण त्याच सुमारास मीरा रोडच्या दुकानदाराला भाषेवरून मारल्याचा व्हिडिओ आमच्या इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. टाळ्या देणारेच सुट्टीच्या दिवशी पोरांना मराठी शाळेत सोडतात. परभाषांच्या अशा शाळांना इथलं राज्य सरकार पैसे देतं, बरं का.

शहराच्या ईशान्येला, टॉरेन्स नदीकाठी क्लेम्झिग नावाचं उपनगर आहे. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने लादलेली उपासनापद्धती न पटलेले लुथरन पंथाचे ख्रिस्ती शेतकरी १८३८ मध्ये पाद्री ऑगस्ट कावेल यांच्याबरोबर इथे आले. जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज व्यापाऱ्याने पैसे कर्जाऊ दिले, जमीनही त्याचीच. मागे सोडलेल्या गावाचं नाव त्यांनी नव्या गावाला दिलं. चर्च जर्मनमध्ये, शाळा जर्मनमध्ये. भाजीपाला विकायला मात्र अ‍ॅडलेडचा बाजार, म्हणजे इंग्रजी आपसूक आली.

पहिल्या महायुद्धात सगळं फिरलं. १९१७च्या कायद्याने राज्यातली ६९ जर्मन नावं बदलली. लुथरन शाळांना टाळं लागलं. क्लेम्झिगचं झालं गाझा, कारण इंग्रजांच्या फौजा तेव्हा तिथे लढत होत्या. १९३५ मध्ये जुनं नाव परत आलं. तिथला फुटबॉल क्लब मात्र अजून गाझाच!

मला महत्त्वाचे वाटतात ते टाइशेलमान आणि श्युरमान. हे दोघे जर्मन मिशनरीही १८३८ मध्येच आले आणि इथल्या मूळ रहिवाशांची काउर्ना भाषा शिकले. १८४० मध्ये त्यांनी तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला, मुलांना काउर्नातून शिकवलं. धर्मप्रसारासाठीच, हे खरं. १८४५ मध्ये सरकारने ती शाळा बंद करून मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. पुढे बोलणारं कुणी उरलं नाही. आज काउर्ना पुन्हा उभी राहतेय ती मुख्यतः या दोघांच्या कागदांवर.

तेव्हा आलेल्याने स्थानिक भाषा शिकावी, हे मला शंभर टक्के मान्य. पण हा नियम लावला तर आम्ही अ‍ॅडलेडचे मराठी कुठे बसतो? कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘नीना मार्नी’ (कसे आहात) म्हणायचं आणि पुढे इंग्रजी, इतकीच आमची काउर्ना. त्यासाठी आजवर कुणी आमची कॉलर धरलेली नाही.

मुंबईत बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर मराठीत काम झालंच पाहिजे. होत नसेल तर व्यवस्थापनाला, मंत्रालयाला धारेवर धरा. तिथे मोर्चा नेणं अवघड असतं, दुकानदार मात्र गल्लीतच सापडतो.