हिरवी वेल भिंतीवरून ओढू नका

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: 'वेलीची मुळं भिंत फोडतात, भिंतीत ओल आणतात. पाऊस लागायच्या आत वेल ओढून मोकळे व्हा.'

'भिंत फोडतात.' भिंत फोडतो तो पिंपळ, वड, उंबर. पाखरांच्या विष्ठेतलं बी सज्जाच्या फटीत रुजतं आणि मूळ आत जाऊन जाड होतं. मधुमालती, जाई, बोगनवेल भिंतीला चिकटतच नाहीत. चिकटते ती फायकसची भिंतवेल. धड प्लास्टरवर तिची मुळं वरच्यावरच राहतात. पोकळ झालेलं प्लास्टर मात्र तिच्या वजनाने सुटतं. म्हणून आधी भिंत ठोकून पाहा, पोकळ आवाज येईल तिथे दुरुस्ती करा.

'ओल आणतात.' ओल येते गच्चीतून, फुटक्या पाइपातून. वेल ती झाकते, सुकू देत नाही, एवढा दोष तिचा खरा. मेसेजमध्ये काळ्या मातीचं नाव नाही. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. जोत्याला खेटून रोज पाणी सोडलं तर भेग पडते आणि आळ वेलीवर येतो. खड्डा भिंतीपासून दीड-दोन फूट दूर घ्या.

'ओढून काढा.' हा सल्ला सगळ्यात घातक. हिरवी भिंतवेल ओढली की रंग आणि प्लास्टरचे पापुद्रे तिच्यासोबत निघतात, तेही पावसाच्या तोंडावर. शिवाय पारा 45 वर असताना पश्चिमेच्या भिंतीची सावली जाते. काढायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर. बुंध्याशी चारेक इंचांचा तुकडा कापून बाजूला करा आणि तीन-चार आठवडे हात लावू नका. पानं करपून कुरकुरीत झाली की फूट-फूटभर, वरून खाली सोडवा. भिंतीवर उरलेले मुळांचे ठसे भिजवून नायलॉनच्या कडक ब्रशने घासा. तारेच्या ब्रशने रंग खरवडला जातो. फटीत शिरलेलं मूळ ओढू नका, कापून फट बुजवा. बुंध्याला फुटवे येतील, ते दिसताच खुडा.

ठेवायची असेल तर वर्षातून दोनदा छाटणी हवी. खिडकी, पन्हळ, एसीचं बाहेरचं युनिट यांपासून फूटभर मोकळं ठेवा. कूलरच्या जाळीत शिरलेली फांदी हवाच अडवते. मधुमालतीसाठी 3 मिमी तार भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ताणा. तिचे बोल्ट नुसत्या प्लास्टरमध्ये नकोत, विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसवा.