कॅमेरा टॉवेलात गुंडाळा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ताईने काल फॅमिली ग्रुपवर तो 'कॅमेरा बॅग घेऊ नका, कंपन्या लुटतात' वाला फॉरवर्ड टाकला आणि थोड्याच वेळात भाचीचा मला वेगळा मेसेज, मामा बॅगेची ऑर्डर कॅन्सल करू का? पोरीने स्वतःच्या पगारातून सोनीचा ए६४०० कॅमेरा घेतलाय, ऑगस्टमध्ये पुण्याहून विमानाने गुवाहाटी आणि तिथून शिलाँग, चेरापुंजी. ऑगस्टमध्ये चेरापुंजी! आणि तिला कोण सल्ला देतंय तर नाव नसलेला एक 'अनुभवी फोटोग्राफर'. डोकंच फिरलं.

फॉरवर्ड तुमच्याकडे आला नसेल तर त्यात एवढंच आहे: कॅमेरा बॅग म्हणजे चोराला आमंत्रण, त्यापेक्षा कॅमेरा टॉवेलात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि ट्रिपभर साध्या सॅकमध्ये ठेवा, दमट हवेसाठी आत मूठभर तांदूळ टाका, जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाका म्हणजे केबिनचं वजन वाचतं, एक्स-रे मशीनमध्ये मेमरी कार्ड उडतं म्हणून ते खिशात ठेवा, आणि एवढं करूनही बॅग घ्यायचीच असेल तर मोठीच घ्या, लेन्स वाढतातच.

टॉवेलपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे. झाइस ही लेन्स बनवणारी जर्मन कंपनी, त्यांनी लेन्सवरच्या बुरशीबद्दल नीट लिहून ठेवलंय की बुरशी कधी वाढते: हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर आणि तीही तीन दिवसांपेक्षा जास्त, तापमान १० ते ३५ अंश, अंधार, हवा खेळती नाही, आणि खायला कापडाचे तंतू, तेलकट डाग, धूळ. आता ती टॉवेलची पुडी डोळ्यापुढे आणा. चेरापुंजीची दमट हवा तुम्ही स्वतः आत कोंडली, वरून गाठ मारली, सॅकमध्ये अंधार आहेच, आणि तंतू म्हणाल तर अख्खा टॉवेलच दिलाय. बुरशीला याहून चांगला पाहुणचार कोण करणार?

बुरशी लागली की कशी दिसते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एखादी जुनी लेन्स घ्या, दोन्ही टोप्या काढा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कडेपासून मध्याकडे निघालेले बारीक पांढरे धागे, कोळिष्टकासारखे. ते आतल्या काचेवर असतात, बाहेरून पुसून जात नाहीत, लेन्स उघडावी लागते, आणि उशीर झाला तर काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असतं, मग साफ करूनही डाग राहतो.

दुसरं, टॉवेल सरकतो. सॅक खांद्यावरून काढून आपण सवयीने धपकन खाली टेकवतो, तोपर्यंत तळाशी गेलेल्या कॅमेऱ्याचा कोपरा आणि फरशी यांच्यामध्ये फक्त सॅकचं कापड उरलेलं असतं. कॅमेऱ्याच्या बॅगेला तळाला पॅडिंग आणि मध्ये वेल्क्रोचे डिव्हायडर असतात ते यासाठी, शोभेला नाही.

प्लास्टिक पूर्ण वाईट आहे असंही नाही. धो धो पावसात अर्धा तास चालायचंय तर पिशवीत घाला, खुशाल घाला, बॅग 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेली असली तरी चेनमधून पाणी झिरपतंच, त्यामुळे रेन कव्हर नसेल तर पिशवीच कामाला येते. थंडगार एसी खोलीतून एकदम दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ दिला तर काचेवर दव धरत नाही, हेही खरं. पण हे तासाभराचं काम. रूमवर पोचलात की पिशवी सोडा, कॅमेरा पुसा, बॅगेची चेन उघडी ठेवा.

तांदूळ? तांदूळ कुकरमध्ये टाका. हवेतला ओलावा त्याने फारसा जात नाही, वर त्याची पिठी लेन्सच्या रिंगेत बसते. सिलिका जेल घ्या, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, रंग बदलणारं, केशरी असेल तर ओलावा भरल्यावर हिरवं होतं. आणि बुटाच्या खोक्यातली पुडी वर्षानुवर्षं चालत नाही, ती ओलाव्याने केव्हाच भरून गेलेली असते.

आता बॅटऱ्या, कारण इथे नुसता पैशाचा प्रश्न नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकायला मनाई आहे, एका एअरलाइनची मर्जी म्हणून नाही, जगभर हाच नियम आहे. सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यायची, १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) एअरलाइनची परवानगी लागत नाही. भाचीच्या कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्ट, १०२० एमएएच, म्हणजे जेमतेम ७.३ वॉट-अवर, मर्यादेच्या आसपासही नाही. कारण सरळ आहे, केबिनमध्ये बॅटरी पेटली तर क्रूला दिसते, विझवता येते, खाली सामानात पेटली तर तिथे जाणार कोण? शिवाय मोकळी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकू नका, तोंडावर प्लास्टिकची टोपी लावा नाहीतर टेप. आणि हे महाशय कसलं वजन वाचवतायत, त्या कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरी-कार्डासकट ४०३ ग्रॅम आणि बरोबर मिळणारी किट लेन्स ११६, दोन्ही मिळून पाण्याच्या भरलेल्या अर्धा लिटर बाटलीएवढं!

एक्स-रेने मेमरी कार्ड उडत नाही. फिल्मचा रोल खराब होऊ शकतो, विशेषतः नव्या सीटी स्कॅनरमध्ये, तो हातात देऊन तपासायला सांगावा. बहुतेक ते ऐकून कोणीतरी कार्डाला चिकटवलंय.

चोराचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. मोठा ब्रँडचा लोगो छापलेली चौकोनी काळी बॅग गर्दीत लांबून ओळखू येते. पण त्यावर टॉवेल हा उपाय कसा? पॅडेड इन्सर्ट मिळतात, म्हणजे बॅगेच्या आतला नुसता गादीचा डबा, तो आपल्या नेहमीच्या सॅकमध्ये बसवायचा, बाहेरून कॉलेजचीच सॅक दिसते. नाहीतर साधी दिसणारी छोटी स्लिंग, म्हणजे एका पट्ट्याची तिरकी अडकवायची बॅग, गर्दीत पुढे पोटावर घ्यायची.

राहिलं 'मोठीच घ्या'. मोठी बॅग घेतली की ती भरते, कोपऱ्यात चार्जर, मग छत्री, मग खाऊ, आणि तिसऱ्या दिवशी ती हॉटेलवर राहते आणि फोटो मोबाईलवर निघतात. प्रवासाला एक बॉडी, लावलेली लेन्स, अजून एक छोटी लेन्स, दोन बॅटऱ्या, कार्ड, पुसायचं कापड, एवढंच मावेल अशी घ्या, पाच-सहा लिटरची स्लिंग पुरते. मात्र नुसत्या लिटरवर जाऊ नका, वेबसाइटवर आतली मापं बघा, बाहेरची नाही, पॅडिंग दोन्ही बाजूंनी जागा खातं. ए६४०० रुंदीला १२ सेंटिमीटर आहे, तो लेन्स लावलेलाच आत गेला पाहिजे, लेन्स काढून ठेवायची वेळ आली तर पावसात काढा-लावा करत बसाल आणि सेन्सरवर धूळ घ्याल. दुकानात गेलात तर कॅमेरा बरोबर न्या, बॅग पोटावर घ्या आणि एका हाताने चेन उघडून बघा. झाकण अंगाच्या विरुद्ध बाजूला उघडत असेल तर कॅमेरा थेट हातात येतो, अंगाकडे उघडत असेल तर दर वेळी झाकण मध्ये. मोठ्या लेन्स घेतल्याच उद्या, तर उद्या दुसरी बॅग घेता येईल, आत्ता नसलेल्या लेन्ससाठी चेरापुंजीच्या पायऱ्या रिकामी जागा वाहत चढायच्या का?