आधी रेकॉर्ड प्लेअरचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) बघा की हो!

कितीदा सांगायचं? लाख रुपयांचं मूव्हिंग कॉइल जातीचं कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) आणायचं, आउटपुट जेमतेम 0.3 मिलिव्होल्ट, अन् जोडायचं मूव्हिंग मॅग्नेट या दुसऱ्या जातीसाठीच्या, सिग्नल 40 डेसिबल वाढवणाऱ्या फोनो ॲम्प्लिफायरला! आवाज येणार कुठून? 60 तरी लागतात. टोनआर्म हलका, सुईचं सस्पेन्शन (लवचीक आधार) ताठ. दोघांचा मिळून रेझोनन्स (आपसूक थरथरण्याचा वेग) 12 हर्ट्झच्या वर गेला की बास बिघडणारच. त्यात ‘तबकडी झिजेल’ म्हणून सुईवर 2 ग्रॅमच्या जागी 1 ग्रॅम वजन. अहो, हलकी सुईच खाचेत उडते, भिंती खरवडते! आणि एलपीची नाजूक सुई मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीवर? तिथं खाच तिपटीच्या आसपास रुंद, सुई तळाला घासते. सोलापूरची धूळ तिथंच तर बसलेली असते! सुईवर ब्रश फिरवायला काय जातंय? मागून पुढं, फक्त मागून पुढं!