कृतज्ञतेची डायरी आणि 'सक्त हरकत'

आज सकाळी आमच्या बार असोसिएशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका तरुण वकीलमित्राने कमळाच्या चित्रासकट मेसेज टाकला. रोज झोपण्याआधी पाच गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा म्हणे, ताण कमी होतो. धडाधड अंगठे पडले. अकरा वाजता हेच महाशय कोर्टात. समोरच्या वकीलबाईंचे सासरे आयसीयूत, म्हणून त्यांच्या ज्युनिअरने मुदतीचा, म्हणजे तारीख पुढे ढकलायचा अर्ज दिला. याने त्यावर 'से', म्हणजे आपलं लेखी म्हणणं लिहिलं: सक्त हरकत, कॉस्ट (खर्चाचा भुर्दंड) लावावी. वर बाररूममध्ये येऊन फुशारकी!

डोकंच फिरलं. अरे, कसली डायरी लिहितोस?

आपला दिवस कसा जातो ते सांगायला नकोच. या कोर्टात पुकारा होतो तेव्हा आपण त्या कोर्टात उलटतपासात अडकलेले. ई-फायलिंगची साइट बसलेली. पक्षकाराचा फोन, "साहेब, आज निकाल लागंल का?" या धबडग्यात निभावतं, कारण कुणीतरी आपल्याला सांभाळून घेतलेलं असतं.

माझी आई आयसीयूत होती तेव्हा बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, माझा वाटणीचा दावा होता, साक्षीदाराच्या उलटतपासाला. समोर एक ज्येष्ठ वकील. त्यांचा पक्षकार अक्कलकोटहून एसटीने आलेला. मी अर्ज पुढे केला. त्यांनी कारण वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि उभ्या-उभ्याच लिहिलं, 'हरकत नाही'. खाली सही. पक्षकार तणतणायला लागला. ते त्याच्याशी कन्नडमध्ये बोलले. माझं कन्नड मोडकंतोडकं, पण 'तायी', म्हणजे आई, तेवढं कळलं.

हो, तारखांवर तारखा हा रोगच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नका म्हणतो, ते उगाच नाही. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते. पोटगीच्या तारखेला आली की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. कामचुकार अर्जाला जरूर हरकत घ्या. पण आयसीयू?

बरं, त्या पोराचंही थोडं कळतं मला. नवी प्रॅक्टिस. 'हरकत नाही' लिहिलं की पक्षकार बाहेर जाऊन म्हणतो, आमचा वकील फुटला, समोरच्याला मिळाला. फी अडते, कधी वकीलपत्रही जातं. पण ही भीती त्या ज्येष्ठांना नव्हती का? अक्कलकोटचा माणूस शेजारीच उभा होता. तरी सही केली. त्याच दाव्यात नंतर माझ्या साक्षीदाराला त्यांनी असा सोलून काढला की विचारू नका. रागही आला होता तेव्हा. पण आभार मानायची यादी करायला बसलो, तर पहिलं नाव त्यांचंच येईल.

आता वयोमानाने ते मोजकीच कामं घेतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसायला लागलं, त्यामुळे आम्हा सोलापूरकरांची मुंबईला जाणारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरीच सुटली. पुढच्या आठवड्यात तिथे एका अपिलात आम्ही दोघं समोरासमोर आहोत. जाणार मात्र माझ्याच गाडीने. सांगोल्यात चहाला थांबायचं ठरलंय. पैसे ते मला देऊ देणार नाहीत.