वॉरहॉलवर टीका करा, पण डबे नीट बघून

सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: अमेरिकी पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलने सुपाच्या डब्यांचे फोटो छापले, दुकानातली खोकी उचलून गॅलरीत मांडली, बाकीचं पगारी पोरांकडून उरकून घेतलं आणि लोकांना गंडवून गब्बर झाला. वॉरहॉल आवडायलाच हवा असं काही नाही. मलाही त्याचं बरंचसं काम कंटाळवाणं वाटतं. पण शिव्या द्यायच्या तर त्या जागी तरी लागाव्यात.

‘डब्यांचे फोटो छापले.’ साफ चूक. १९६२ ची ती मालिका म्हणजे ३२ कॅनव्हास, प्रत्येक २० बाय १६ इंचांचा, कॅम्पबेल या अमेरिकी कंपनीच्या प्रत्येक प्रकारच्या सुपासाठी एक. डब्याची आकृती प्रोजेक्टरने पाडून गिरवलेली, रंग हाताने भरलेला. खालच्या कडेची फुलांची नक्षी तेवढी शिक्क्याने उमटवली. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत ही चित्रं वाण्याच्या दुकानासारखी फळीवर ओळीने ठेवली होती. जवळच्याच एका गॅलरीने खिजवायला खिडकीत खरे डबे रचले, म्हणजे हा विनोदही साठ वर्षं शिळा. आणि गब्बर? गॅलरीवाल्या आयर्विंग ब्लमने अख्खा संच १,००० डॉलरना घेतला, तोही महिना १०० च्या हप्त्याने.

‘स्क्रीन प्रिंट म्हणजे झेरॉक्स.’ हे लिहिणाऱ्याने लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात एक दुपार बसून यावं. स्क्रीन प्रिंट म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून उतरवलेला छाप. फोटोवरून जाळीची फ्रेम बाहेरून करून आणता येते, खरंय. पण शाई ओतून रबरी पट्टी ओढायची ती हातानेच. दाब कमी पडला की छाप फिका, शाई जास्त झाली की डाग, जाळी बुजली की अर्धा चेहरा गायब. पत्रिकावाला असला कागद टाकून देतो. वॉरहॉलला नेमका तोच हवा होता. सिनेतारका मॅरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये गेली, ‘मॅरिलिन डिप्टिक’ हे दोन भागांचं चित्र त्याच वर्षाचं. ‘नायगारा’ सिनेमाच्या जाहिरातीतला एकच फोटो, ५० वेळा. डावीकडच्या २५ चेहऱ्यांत कातडीचा गुलाबी, केसांचा पिवळा, पापण्यांचा निळा आधी लावलेला, त्यावर काळा छाप. तो कुठे चपखल बसलाय, कुठे सरकलाय. उजवीकडे नुसता काळा. एका उभ्या रांगेत इतका दाट की चेहरा बुडून जातो, आणि शेवटच्या रांगेत विरत विरत जवळजवळ पुसला जातो. या पन्नासांत दोन हुबेहूब सापडले तर मला दाखवा.

‘खोकी उचलून आणली.’ ब्रिलो या भांडी घासायच्या घासण्यांच्या ब्रँडची १९६४ ची खोकी पुठ्ठ्याची नाहीत, प्लायवुडची आहेत. सुतारांकडून करून घेतलेली, मग रंगवून एकेका बाजूवर छापलेली. क्रूर गंमत अशी की मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याचं डिझाइन करणारा जेम्स हार्वी स्वतः अमूर्त चित्रकार होता, पोटासाठी खोकी आखायचा. तक्रारीला इथे जागा होती. पण मजकुरात हार्वीचं नावही नाही.

‘सगळं पोरांनी केलं.’ हे अर्धं खरं आहे. त्याचा मदतनीस जेरार्ड मलंगा याला कापडछपाईतून स्क्रीनचं काम येत होतं, आणि मोठी फ्रेम पेलायला दोन माणसं लागतातच. पण तो आला जून १९६३ मध्ये. डबे आणि हे मॅरिलिन त्याआधीचे, चंदेरी फॉइलने मढवलेली ती प्रसिद्ध ‘फॅक्टरी’, म्हणजे त्याचा स्टुडिओ, तर १९६४ ची. फोटो कोणता, कापायचा कुठे, बिघडलेला छाप ठेवायचा की नाही, हे मालक ठरवायचा. अफवेला खतपाणीही त्यानेच घातलं: १९६३ च्या एका मुलाखतीत आपल्याला यंत्र व्हायचंय म्हणाला, आणि लोकांनी ते शब्दशः घेतलं.

सत्तरच्या दशकात मात्र तो पोलरॉइड कॅमेऱ्याच्या झटपट फोटोंवरून श्रीमंतांची पोर्ट्रेट करू लागला, एकाचे २५,००० डॉलर. मजकूरवाल्याने तिथे बोट ठेवलं असतं, तर मी हे लिहायला बसलोच नसतो.