गबाळ्या जोचा बुधवार

ज्या पाककृतीच्या मथळ्यातच 'सोपी' असं लिहिलेलं असतं, तिच्या वाटेला जाऊ नये. भाकरी शिकवताना कुणी 'सोपी' म्हणत नाही. 'हात बसला की येते' म्हणतात आणि ते खरं असतं. इथे मात्र ठळक अक्षरांत होतं, 'कामाच्या दिवशी रात्रीचं सोपं जेवण, फक्त ३० मिनिटं.' खाली फोटो. पांढराशुभ्र शर्ट घातलेली एक बाई टोमॅटोच्या रश्श्याने भरलेल्या पॅनशेजारी उभी राहून हसतेय. शर्टावर एक ठिपका नाही. संशय तिथेच यायला हवा होता.

झालं असं की चिरंजीवांच्या शाळेच्या जेवणात ज्या दिवशी 'स्लॉपी जो' होता, नेमक्या त्याच दिवशी बर्फामुळे शाळेला सुट्टी पडली. आम्ही राहतो अमेरिकेत, आयोवा राज्यात, दी मॉयन शहराजवळ. इथे जानेवारीत बर्फाचं कौतुक उरत नाही. पण पाचवीतल्या मुलाचा हक्काचा जो बुडाला, हे त्याच्या दृष्टीने मोठंच नुकसान होतं. घरात दोन दिवस सुतक. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "त्यात काय एवढं? घरी करू." ही दोन वाक्यं मी आयुष्यात जिथे जिथे बोललोय, तिथे तिथे नंतर भांडी घासत बसलोय.

स्लॉपी म्हणजे गबाळा. आणि जो म्हणजे कुणीही, आपल्याकडचा गणपत म्हणा. परतलेला बीफचा खिमा, त्यात कांदा, ढोबळी मिरची, केचप, मोहरीची पिवळी चटणी, ब्राउन शुगर, व्हिनेगर. हे सगळं रटरटून बर्गरच्या गोल पावात कोंबायचं आणि ते बाहेर येईल ते हातावर, कोपरावर, शर्टावर झेलत खायचं. हा पदार्थ आमच्या आयोवातच, सू सिटीला, १९३० च्या दशकात जो नावाच्या एका आचाऱ्याने टोमॅटो घालून पहिल्यांदा केला असं सांगतात. त्या आधी १९२६ मध्ये मस्कटीन गावात फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने मोकळ्या खिम्याचं कोरडं सँडविच विकायला सुरुवात केली होती, ते अजूनही 'मेड-राइट' नावाने मिळतं. दुसरीकडे हवानात आणि फ्लोरिडाच्या की वेस्टमध्ये 'स्लॉपी जोज' नावाचे बार होते, ते म्हणतात नाव आमचं. मला या वादात पडायचं नाही. मुद्दा एवढाच, की माझी परीक्षा जोच्या माहेरीच होती.

न्यू जर्सीत एडिसन गावी राहणाऱ्या साडूंना उत्साहाने फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, तो स्लॉपी जो नव्हेच. आमच्या न्यू जर्सीत स्लॉपी जो म्हणजे राय ब्रेडचे तीन मजले, मध्ये थंड मांस, कोबीची कोशिंबीर आणि चीज. खिमा कसला?" साडूंचं हे नेहमीचं आहे. आमच्याकडे आलेली गोष्ट त्यांच्याकडे आधीच आलेली असते आणि वर तीन मजली असते.

आता बीफ. या बाबतीत आमच्या घरात एक तह आहे, लेखी नाही, पण दोन्ही बाजूंना तोंडपाठ. बायको खात नाही. मी बाहेर खातो, घरात आणत नाही. मुलगा इथला, तो खातो आणि त्यात एवढं काय आहे असं विचारतो. बायकोने आधी सुचवलं, "टर्कीचा खिमा घे ना." चिरंजीव म्हणाले, "देन इट्स नॉट जो, बाबा." मग तिने दुसरा पर्याय दिला, "डब्यातला आण." तोही बरोबर होता. हंट्स कंपनीने १९६९ सालीच हा रस्सा डब्यात भरून विकायला काढलाय. नुसता खिमा परतायचा, डबा ओतायचा, संपलं. पण मी माटुंग्याच्या हॉस्टेलवर चार वर्षं काढलेला माणूस. इराण्याकडचा खिमा पाव किती खाल्ला याचा हिशेब नाही. लालसर तवंगाचा खिमा, वर लिंबू, बाजूला कडक ब्रुन. त्या माणसाने डबा ओतायचा?

शेवटी तहात एक कलम वाढलं, 'माझ्या कढईत नाही, माझ्या सिंकमध्ये नाही.' त्यामुळे मी गॅरेज सेलमधून पाच डॉलरला घेतलेलं बिडाचं पॅन बेसमेंटमधून वर आणलं. तीन वर्षं त्यावर पेंटचे ब्रश ठेवले होते. घासून, तेल लावून, भट्टीत तापवून ते काळंभोर केलं. त्यातच एक शनिवार गेला. ३० मिनिटांत हा शनिवार धरलेला नव्हता.

मग वार ठरवायचा प्रश्न. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरला बुधवार, शुक्रवार आणि रविवार. शुक्रवारी मुलाचं पोहणं. रविवार हा 'कामाच्या दिवसाचं सोपं जेवण' होऊ शकत नाही, ती फसवणूक झाली असती. म्हणून बुधवार.

दुकानात मांसाच्या कपाटासमोर उभा राहिलो तर समोर निकाल लागलेले. ८०/२०, ८५/१५, ९३/७. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. आयुष्यभर जास्त टक्केवाल्याकडे आदराने बघायची सवय, हात आपोआप ९३ कडे गेला. शेजारी उभ्या आजोबांनी माझ्या हातातलं पाकीट बघून मान हलवली. "कोरडं होतं ते. ८०." आयोवातले आजोबा मक्यावर आणि मांसावर बोलतात तेव्हा ऐकायचं असतं. मी ८० घेतला. इंजिनिअरिंगला इतके कधी पडले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. चिरंजीव स्टूल ओढून परीक्षकासारखे बसले. बायको वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. पहिली पायरी, 'मांस तपकिरी करा.' मी एक पौंडाचा गोळा पॅनमध्ये टाकला. तो तपकिरी झाला नाही. करडा झाला. पाणी सुटलं आणि त्या पाण्यात ओल्या सिमेंटसारखं काहीतरी रटरटायला लागलं. पॅन नीट तापलेलं नसलं आणि त्यात गर्दी केली की मांस भाजलं जात नाही, उकडतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी फक्त आच वाढवत गेलो. पाणी आटलं, चरबी तडतडली आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला.

अमेरिकेत अलार्म बंद करायची एक ठरलेली पद्धत आहे. एकाने खुर्चीवर चढून टॉवेल फडकवायचा, दुसऱ्याने दार उघडायचं. दार उघडलं, बाहेर उणे चौदा सेल्सिअस. वरून बायको आली. कॉलवर होती म्हणून आवाज बंद करून नुसत्या डोळ्यांनी बोलली. पंधरा वर्षांच्या संसारात मला ती भाषा छान येते.

पुढची पायरी होती, 'चरबी काढून टाका.' कुठे, ते लिहिलेलं नव्हतं. सिंक तहाने बंद. तशीही ती सिंकमध्ये ओतायची नसते, नळीत गोठते आणि मग प्लंबरची एक फेरी त्या गाईपेक्षा महाग पडते. शेवटी राजम्याच्या रिकाम्या डब्यात ओतली आणि डबा मागच्या डेकवर बर्फात ठेवला. परत आत आलो तर फोन वाजतोय. आई, नाशिकहून, व्हिडिओवर.

इथे मी एक हिशेब विसरलो होतो. थंडीत आमच्यात आणि नाशिकमध्ये साडेअकरा तासांचं अंतर असतं. माझा बुधवार संध्याकाळचा, पण आईचा गुरुवार उजाडला होता. ती अंघोळ करून, दत्ताच्या तसबिरीला हार घालून, हातात उदबत्ती घेऊनच फोनवर आली होती.

"काय रे, धूर कसला दिसतोय?"

"खिमा करतोय, आई."

"कशाचा?"

माझ्या तोंडून जे निघालं ते नैसर्गिक आपत्तीत निघतं तसं होतं. "जोचा."

"कोण जो?"

"आयोवातलाच आहे. फेमस आहे इथे." स्टुलावरून चिरंजीव हसून खाली पडायचे बाकी होते.

आईने उदबत्ती तसबिरीकडे वळवली आणि त्या विषयावर पडदा टाकला. बायका अशा वेळी किती विचारायचं आणि किती नाही, याचं एक वेगळंच गणित पाळतात. पण स्वयंपाक हा तिचा प्रांत, तिथे ती थांबेना. "कांदा आधी का नाही परतलास? आलं-लसूण? पुढे काय घालणारेस?" मी कृती वाचून दाखवली. ब्राउन शुगर दोन चमचे, इथे ती थांबली.

"खिम्यात साखर?"

या दोन शब्दांत जी वेदना होती, ती जोच्या जातकुळीबद्दलही नव्हती. "अरे गुजराती आमटी आहे का ती?" मग एक बाटली दाखवली, वूस्टरशर सॉसची. लेबल वाचता वाचता मीच चमकलो. अँचोव्ही मासे आणि चिंच. चिंच ऐकल्यावर आईचा जीव जरा भांड्यात पडला. मासे मी तिला सांगितले नाहीत. एका गुरुवारी किती सांगायचं?

मी केचप ओतत होतो, तेवढ्यात ती ओरडली. "ते भांडं कसलं आहे? बीड? अरे, बिडाच्या भांड्यात टोमॅटो शिजवतात का? आंबट लागलं की काळं पडतं!"

तोपर्यंत जो काळसर पडायला सुरुवात झालीच होती. शनिवारी घासून बसवलेला तेलाचा थर टोमॅटोने आणि व्हिनेगरने खरवडून काढला होता आणि रश्श्याला लोखंडाची हलकी चव आली होती. आजीच्या बिडाच्या तव्यावर घावनं खात मोठा झालेला माणूस मी. त्या तव्यावर कोकम लावलेलं काही कधी चढलं नाही. त्याचं कारण मी तिला विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि ते कारण मला आयोवात, पंचेचाळीसाव्या वर्षी कळलं.

चमच्याने चव घेतली. गोड, आंबट आणि किंचित रेल्वेच्या खिडकीच्या गजासारखं. मिरचीचा डबा हाताशी होता. गरम मसालाही. परीक्षकांनी माझा हात पाहिला. "बाबा, नो." मी मिरची खाली ठेवली. मग त्यांचं लक्ष थर्मामीटरकडे गेल्यावर चिमूटभर टाकली. खिम्याचं तापमान १६० फॅरनहाइट व्हावं लागतं, हे त्याला शाळेत शिकवलंय. दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात म्हणून. मी आलं-लसूण त्याच्या पाठीमागे ठेचलं आणि पोराने १६४ आकडा जाहीर केला तेव्हा ते पॅनमध्ये पोचलेलं होतं.

७ वाजून ३५ मिनिटांनी आम्ही बसलो. पाव भाजायला सांगितलं होतं, ते मी वेळ वाचवायला भाजले नाहीत. त्याची शिक्षा लगेच मिळाली. पहिला घास घेतला आणि खालच्या पावाने राजीनामा दिला. खिमा मागच्या बाजूने थेट मांडीवर. बर्गर दाबून धरता येतो, वडापावात वडा पावाला धरून असतो, पण जोची एकाही अणूशी निष्ठा नसते. दोन्ही हातांनी धरावा तर नाक खाजतं, सोडावा तर संपला. चिरंजीवांनी मात्र ताटावर वाकून, कोपरं टेकवून, सराईतासारखा तीन मिनिटांत उडवला. हनुवटीवरचा रस्सा मनगटाने पुसत म्हणाला, "शाळेतल्यापेक्षा तिखट आहे." मी जमिनीकडे बघत राहिलो. त्याने दुसरा घेतला.

बायकोची मीटिंग संपली. तिने फ्रिजमधली कालची मटकीची उसळ गरम केली, आठपैकी एक पाव तव्यावर तुपात भाजला, त्यात उसळ आणि कच्चा कांदा भरला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. एक मटकी खाली पडली नाही. चार मिनिटं लागली असतील. कुठेही 'सोपी' असं लिहिलेलं नव्हतं.

पॅन राहिलं. माझ्या सिंकमध्ये नाही हे कलम शाबूत होतं, आणि पॅनच्या तळाला जोचा एक थर कायमचा स्थायिक झालेला. मी त्यात गरम पाणी ओतलं, ते डेकवर चरबीच्या डब्याशेजारी ठेवलं आणि म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी बायको कचरा टाकायला मागच्या दाराने गेली आणि दारातूनच हाक आली, "अरे, तुझा जो गोठलाय." जाऊन पाहिलं. पॅनभर केशरी बर्फ, त्यात मधोमध लाकडी चमचा ताठ उभा, आणि सगळं डेकच्या फळीला घट्ट चिकटलेलं. डब्याभोवती रॅकूनच्या पावलांच्या दोन फेऱ्या होत्या. डबा चाटूनपुसून साफ होता. पॅनकडे पावलं वळली होती, जवळ आली होती आणि तिथूनच परत गेली होती.