गव्हाच्या चाळणीत राजगिरा

एक मेसेज सध्या बराच फिरतोय. मुद्दे साधारण असे: बाह्यग्रहांची, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, संख्या सहा हजारांवर गेली, त्यात दुसरी पृथ्वी एकही नाही. केप्लर दुर्बिणीने दीड लाख तारे तपासले, तरी हाती काही नाही. सापडलेल्या ग्रहमाला आपल्यासारख्या नाहीतच. आणि ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून गाजवलेला ग्रह बोगस निघाला. तात्पर्य, पृथ्वी विश्वात एकमेव. आकडे खरे आहेत, म्हणून हा मेसेज शिकल्यासवरलेल्यांनाही पटतो. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

आधी केप्लर घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. मार्च २००९ मध्ये अवकाशात गेलेली ही दुर्बीण हंस आणि स्वरमंडळ तारकासमूहांकडच्या आकाशाच्या एका तुकड्यावर चार वर्षं नजर लावून होती. तिला ग्रह दिसत नसे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो, तेवढंच ती टिपायची. ८ जून २००४ ला आपल्याकडून शुक्राचं अधिक्रमण दिसलं, तोच हा प्रकार. त्यानंतरचं २०१२ मध्ये झालं आणि पुढचं थेट २११७ मध्ये! शुक्र तर दर १९ महिन्यांनी सूर्य आणि आपल्यामध्ये येतो. मग अधिक्रमण इतकं दुर्मिळ का? त्याची कक्षा जराशी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्यबिंबाच्या वरून किंवा खालून निसटतो.

परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या कक्षा तर कशाही कललेल्या. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीइतक्या अंतरावर फिरणारा ग्रह आपल्याला ताऱ्यासमोरून जाताना दिसेल, ही शक्यता सुमारे २१५ मध्ये एक. म्हणजे दीड लाख ताऱ्यांना सढळ हाताने एकेक पृथ्वी वाटली, तरी त्यातल्या फार तर सातशे केप्लरच्या टप्प्यात येणार.

त्या सातशे तरी सापडतील? पृथ्वी सूर्यासमोरून गेली, तर सूर्यप्रकाश दहा लाख भागांत ८४ भाग कमी होतो. केप्लरच्या सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मोजमापातला गोंगाट, म्हणजे ग्रहाशी संबंध नसलेली प्रकाशाची चढउतार, दहा लाखांत २० भागांच्या आसपास राहील अशी अपेक्षा होती, तो निघाला ३०. ताऱ्यांची स्वतःची चुळबुळच जास्त भरली. शिवाय खात्रीसाठी किमान तीन अधिक्रमणं हवीत, आणि पृथ्वीचं वर्ष म्हणजे वर्षाला एक. गोंगाटातून ही नोंद वर काढायला मोहीम बरीच लांबवावी लागणार होती, आणि मे २०१३ मध्ये दुर्बीण स्थिर ठेवणारं दुसरं चाक बंद पडलं. गहू चाळायच्या चाळणीत राजगिरा ओतायचा आणि ‘वर दाणाही राहिला नाही, म्हणजे राजगिरा नव्हताच’ म्हणायचं, तसं हे झालं. केप्लर दुरून आपल्याच सूर्याकडे पाहत असती, तर बहुतेक दिशांनी तिला सूर्याला एकही ग्रह सापडला नसता.

‘आपल्यासारख्या ग्रहमाला नाहीत’ हा मुद्दा याच चाळणीचा दुसरा परिणाम. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या जातीचा ग्रह सापडला, त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांचं. तसे आणखी सापडत गेले आणि सगळीकडे असंच असतं असं वाटू लागलं. प्रत्यक्षात असे तप्त गुरू शंभरात जेमतेम एका ताऱ्याला असतात. ते आपल्या ओढीने ताऱ्याला हिसके जोरात देतात (त्या हिसक्यांवरूनही ग्रह ओळखता येतो) आणि समोरूनही वारंवार जातात, म्हणून आधी हाती लागले.

मग उलट्या बाजूचा मेसेजही येतो: आकाशगंगेत ३० कोटी पृथ्वी, नासाने मोजल्या. मोजल्या नाहीत! सापडलेल्या प्रत्येक ग्रहामागे न दिसलेले किती, याचा गुणाकार करून काढलेला तो अंदाज आहे. आणि जिथे सापडलेलेच हाताच्या बोटांवर, तिथे शेजारच्या मोठ्या, जवळच्या ग्रहांवरून रेघ पुढे ओढावी लागते. २०१३ मध्ये एका गटाने सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी २२ टक्क्यांभोवती वासयोग्य पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रवरूपात राहू शकेल इतक्या अंतरावर, पृथ्वीच्या एक ते दोन पट आकाराचे ग्रह असावेत असं काढलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तीच ग्रहयादी घेतली, आकारातली अनिश्चितता हिशेबात धरली, आणि पृथ्वीसारख्या ग्रहांचं प्रमाण कित्येक पटींनी खाली आलं. यादी तीच, रेघ वेगळी. नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात शंभर ताऱ्यांमागे असे ३७ ते ६० ग्रह असं उत्तर आलं, पण अनिश्चिततेसकट तो पल्ला १६ पासून १५० पर्यंत जातो. त्यातही ‘पृथ्वीसारखा’ म्हणजे आकार आणि मिळणारी ऊब, एवढंच. हवा-पाण्याचा त्यात उल्लेख नाही. निव्वळ आकारावर गेलं तर शुक्रही पृथ्वीचा जुळा भाऊ.

राहिला ‘बोगस’ ग्रह. केप्लर-४५२बी, जुलै २०१५ मध्ये वाजतगाजत जाहीर झालेला, वर्ष ३८५ दिवसांचं. २०१८ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की त्याचा पुरावा पुरेसा भक्कम नाही. म्हणजे तो नाही असं सिद्ध झालेलं नाही. पण संशयाचं कारण पाहण्यासारखं आहे. केप्लर सूर्याभोवती सुमारे ३७२ दिवसांत फिरायची आणि दर तीन महिन्यांनी पाव वळण घ्यायची, त्यामुळे साधारण वर्षाने तोच तारा पुन्हा कॅमेऱ्याच्या त्याच चिपवर यायचा. एखाद्या चिपमध्ये खोट असेल, तर ती वर्षातून एकदा हजेरी लावणार, अगदी पृथ्वीसारख्या ग्रहाच्या चालीने.